महाराजांच्या फोनमधली यादी

"तोंड उघडायचं नाही! कागद पुढे करायचा नाही! खाणाखुणा नाहीत, आणि माझ्या फोनला हात लावायचा नाही! एवढं पाळून तुझी तक्रार माझ्यापर्यंत पोचव. पोचली तर न्याय मिळेल. नाही पोचली तर पुन्हा या दरबारात पाऊल टाकायचं नाही!"

निंबोरीचे महाराज गरजले आणि त्यांनी इयरबड पुन्हा कानात खुपसले. गाणं ऐन रंगात आलेलं असताना कुणी फिर्याद घेऊन आलं की महाराजांचं टाळकंच सटकायचं.

समोर उभी होती मोबाइल दुरुस्त करणारी भिवरा. कोष्टी आळीचा एकुलता एक नळ दिवाणजींनी बंद केला होता आणि त्याचं पाणी आपल्या बंगल्यातल्या कारंज्याकडे वळवलं होतं. आळीतल्या बाया अकरा दिवस मैलभर लांबून हंडे वाहत होत्या, आणि इकडे दिवाणजींचे पाळलेले मोर कारंज्याखाली आंघोळी करत होते!

"या हं पुढच्या गुरुवारी!" दिवाणजी गोड हसले. "काय सांगायचं ते न सांगता सांगा!"

भिवराला असा संताप आला, असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. पण रडत बसेल ती भिवरा कसली! घरी जाता जाता तिला महाराजांची खोड आठवली. दर दरबाराला कोरे करकरीत इयरबड! मागच्या गुरुवारचे या गुरुवारी घातले तर राजेपणाला कमीपणा येतो म्हणे. त्यामुळे सिंहासनावर टेकल्या टेकल्या महाराज ब्लूटूथ चालू करायचे आणि आसपासच्या यंत्रांची यादी चाळत नवे इयरबड शोधत बसायचे.

बुधवारी तिने आळीतल्या बायकांना गोळा केलं. "पारूमावशी, सगळ्यांचे फोन आणा. नावं बदलायचीत!"

"कुणाची गं?"

"फोनची! ब्लूटूथवर जवळच्या माणसाला आपल्या फोनचं नाव दिसतं. ते आपल्याला हवं ते ठेवता येतं."

"मग माझ्या फोनचं ठेव, मेला दिवाण!"

"मावशी, शिव्या नकोत, पाणी हवंय! आणि नीट ऐका. महाराजांपासून दहा पावलांच्या आत उभं राहायचं. त्यापलीकडचा फोन दिसेल न दिसेल. ब्लूटूथचं पान उघडंच ठेवायचं, अजिबात मिटू द्यायचं नाही."

गुरुवारी भिवरासह बारा बायका सिंहासनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदराआड बारा फोन. महाराजांनी नव्या जोडीची डबी उघडली, फोन काढला, चष्मा चढवला. आता महाराजांना मनातल्या मनात वाचायला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. वाचायचं ते खणखणीत आवाजात!

"'कोष्टी आळीचा नळ बंद आहे.' हे कुठल्या कंपनीचे इयरबड?"

महाराजांनी बोट खाली सरकवलं.

"'अठरा दिवस पाणी नाही.' 'पाणी दिवाणजींच्या कारंज्यात जातं.' अरेच्चा! 'मोरांना आंघोळ, पोरांना घोटभर नाही.' 'खोटं वाटलं तर बंगल्यात जाऊन बघा.' 'मेला दिवाण.'"

"मी जिवंत आहे महाराज!" दिवाणजी किंचाळले.

पारूमावशी छताकडे बघू लागल्या.

"अट मोडली!" दिवाणजी पुढे सरसावत म्हणाले. "हे लिहिलेलं आहे! हाकला हिला!"

"अगं पोरी, बोल की!" महाराज म्हणाले. भिवराने ओठ आणखीच घट्ट मिटले. "बरं बाई, अट उठवली. आता तरी बोल!"

"महाराज, मी तोंड उघडलं नाही, कागद दिला नाही, खूण केली नाही, आपल्या फोनला बोटही लावलं नाही. माझी फिर्याद आपणच वाचलीत, तीही भर दरबारात, मोठ्यानं!"

"पण ही काय रीत झाली?" दिवाणजी ओरडले. "राजाच्या फोनमध्ये घुसायचं?"

"घुसलंय कोण? महाराजांनीच आम्हाला शोधून काढलं!"

महाराजांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, ही वाट तुला सुचली तरी कशी?"

"काय करणार महाराज! जवळ कोण उभं आहे, हे आपण माणसांना कधी विचारतच नाही. विचारता ते या फोनला. म्हटलं, मग त्याच्याच यादीत जाऊन उभं राहावं!"

दिवाणजींना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. आणि महाराज हसले! असे हसले, की डोक्यावरचा मुकुट तिरपा झाला आणि चोपदाराला तो सावरावा लागला.

त्याच दुपारी नळ सुटला. भिवराला चांदीचं कडं मिळालं, राजवाड्यासमोर दुकानाला जागा मिळाली. आणि महाराजांच्या हुकमावरून नळाचा पहिला भरलेला हंडा डोक्यावर घेऊन दिवाणजी पारूमावशींच्या दारात उभे राहिले, तेव्हा मावशी आतूनच म्हणाल्या, "थांबा हं जरा, आधी फोनवर तुमचं नाव दिसू दे!"