सूर्यनगरीच्या भिंतीतला दगड

एका राज्यात, जिथे ढग डोंगरमाथ्यावर मुक्कामाला येत, मेघवर्मा नावाचा राजा होता. त्याची कन्या चित्रांगी भारी भित्री. पान हलले तरी दचके.

ती पाच वर्षांची असताना राजा तिला खांद्यावर घेऊन ओसाड सूर्यनगरी पाहायला चढला होता. पायऱ्या मोजताना तो मुद्दाम चुके. "पाच, सहा, आठ..." मग खांद्यावरून आवाज येई, "आबा, सात राहिलं."

नगरीच्या भिंतीला चुना नव्हता, माती नव्हती, तरी दोन दगडांमधून सुई जात नव्हती. त्यातला एक इवला दगड चित्रांगीला हवासा झाला. तिने हट्ट धरला, राजाने काढून दिला. उतरताना वीज कडाडली, ती दचकली, दगड पडून त्याचा कोपरा उडाला. ती रडू लागली, तेव्हा राजाने तिच्या गळ्यात ताईत बांधला. "हा आहे तोवर भ्यायचं नाही."

पण ज्याने ती भिंत रचली, तो मांत्रिक शापून गेला होता: जो भिंतीतला दगड नेईल, त्याची तो दगड जागी बसेतोवर रोज एक आठवण जाईल.

राजा राणीला विसरला, राज्य विसरला. पंधरा वर्षांनी एका सकाळी त्याने विचारले, "चित्रांगी... हे कुणाचं नाव गं?"

दुसऱ्या दिवशी ते नावही जाणार होते. चित्रांगीने दगड ओच्यात बांधला आणि निघाली.

दरीवर गवताच्या दोरांचा पूल होता. खांबावर एक म्हातारे गिधाड बसले होते. ते बोलले, "कामं तीन. पूल ओलांड, हजार पायऱ्या चढ, दगड बसव. पण तुला तर इथेच कापरं भरलंय. परत जा, बाई."

"भरू दे. पाय चालतायत."

ताईत मुठीत धरून तिने झुलता पूल ओलांडला. पायऱ्यांवर श्वास पुरेना, तेव्हा ती आबांसारखी चुकत मोजू लागली. सात राहिलं, असं सांगायला कुणी नव्हते. रडत रडतच ती माथ्यावर पोचली.

तिने दगड बसवला. तो डुगडुगला. चिंचोक्याएवढा कोपरा कमी होता.

"मुठीत काय आहे?" वरून गिधाडाने विचारले.

"आबांचा ताईत. यात मंत्र आहे."

"कधी उघडलास?"

तिने उघडला. मंत्र नव्हताच. आत दगडाची कपची होती.

चित्रांगी क्षणभर ती गालाशी धरून उभी राहिली. मग तिने कपची फटीत सरकवली. दगड स्थिरावला, सुई जाईल एवढीही फट उरली नाही.

ताईताविना, मोकळ्या गळ्याने ती परतली, तेव्हा राणीचा हात धरून राजा महालाच्या पायऱ्या उतरत होता. लेकीला पाहताच तो थांबला आणि मोठ्याने मोजू लागला.

"पाच, सहा, आठ..."

"आबा," ती म्हणाली, "सात राहिलं."

राज्याची घडी पुन्हा बसली. ढग तिथे अजून मुक्कामाला येतात, आणि लेकरू खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा बाप एक पायरी मोजायची मुद्दाम विसरतो.