सारसाच्या घरट्यातली रायवंता

फार वर्षांपूर्वी, धानाच्या मुलखात माणसांपेक्षा तळी जास्त होती तेव्हा, सोनखारी गावात रायवंता नावाची ढिवरीण राहायची. तळ्यात मासे धरणं हे तिचं काम, आणि प्रश्न विचारणं ही तिची खोड. 'काहून?' म्हणजे 'का?' हा शब्द दिवसातून इतक्यांदा तिच्या तोंडून निघे, की गाव तिला काहूनबाईच म्हणे.

एका साली उदाराम मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, धानाच्या शेतात सारसाच्या जोडप्यानं घरटं केलं. माणसाएवढी उंच पाखरं ती. चालली की धान आडवं होई. मालगुजारानं गड्यांना सांगितलं, "अंडी फोडा. हे पाखरू धान नासवते."

"किती नासवते, मालक?" रायवंतेनं विचारलं.

"किती म्हंजे? सारेच म्हणतात."

"पण पायलं कोणं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मालगुजार चिडला, पण गडी बघत होते. "आठ दिवस देतो," तो म्हणाला. "पाहून सांग. नाहीतर नवव्या दिवशी अंडी फुटली समज."

रायवंता चिखलात जाऊन बसली. असं म्हणतात, ती इतकी निश्चल बसली की बगळे तिच्या खांद्यावर टेकू लागले आणि गोगलगाई पदरावरून चढत तिच्या केसांत पोचल्या. नर उठला की मादी बसे, मादी उठली की नर. उठलेलं पाखरू कुठं पाय टाकतं, काय टिपतं, ते ती बघत राहिली.

सातव्या दिवशी कुत्र्यांनी मादीला पिटाळलं. ती परत येईना. नर एकटाच उन्हात बसून राहिला, त्याची मान लवू लागली. मग, असं म्हणतात, तो उठला, रायवंतेपुढं झुकला आणि मादीला जागा द्यावी तसा बाजूला झाला. रायवंता घाबरली. आपल्या भारानं अंडं फुटलं तर? पण वर घारी फिरत होत्या. ती घरट्यात बसली, दोन्ही अंडी ओटीत घेतली आणि श्वाससुद्धा जपून घेतला.

आठव्या दिवशी सकाळी मालगुजार आला. मादी परतली होती, आणि रायवंतेच्या ओटीतून एक पिल्लू मान वर काढून बघत होतं.

"आता सांग," तो हळूच म्हणाला.

"खाटेएवढं धान मोडलं, मालक. पण हे पाखरू खेकडे खाते, आन् खेकडे बांध पोखरतात. ह्या बांधाले एक भोक दाखवा."

मालगुजार सगळ्या बांधांवरून फिरला. घरट्याभोवतीच्या बांधांना एकही भोक नव्हतं. लांबच्या शेतांतलं पाणी मात्र खेकड्यांच्या भोकांतून झिरपून गेलं होतं, धान पिवळं पडलं होतं. तो परत आला, वहाणा काढून चिखलात उतरला, तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आनखी काय पायलंस?"

पुढं लांबलांबची माणसं तिच्याकडं शिकायला येऊ लागली. ती कुणाला उत्तर देत नसे, चिखलात बसवे. म्हातारपणी एका दुपारी ती गावच्या तळ्यातल्या कमळांत शिरली, ती बाहेर आलीच नाही. असं म्हणतात, तिथं दोन सारस होते, पण उडाले तीन.

आता त्या तळ्याकाठी सारसांचं अभ्यास केंद्र आहे. नव्या शिकाऊ मुलामुलींना तिथं पहिला दिवस वहीविना धानात बसवतात. वर्षातून एकदा सारस मोजतात. आकडा वाचून झाला की सोनखारीची म्हातारी माणसं म्हणतात, "आन् एक." केंद्रातली मंडळी ते वहीत लिहीत नाहीत. पण हसतही नाहीत.