लाल फितीची फांदी

कोकणातल्या एका वाडीत रणदिवे नावाचे फवारणीतज्ज्ञ आले. पानांवर आपलं औषध मारलं की हापूस महिनाभर आधी मोहरतो, असं ते भेटेल त्याला ऐकवत सुटले. शेवंताकाकू राऊळ म्हणाल्या, "आधी माझ्या कलमावर दाखवा."

"तुम्हाला शास्त्र काय कळणार," म्हणत साहेबांनी एका फांदीवर फवारा मारला, तिला लाल फीत बांधली आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी ते परतले. सगळ्या वाडीने औषध घ्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. माणसं कलमाखाली जमली. फितीची फांदी मोहोराने लगडली होती. साहेबांनी गॉगल कपाळावर चढवला.

"माझ्या औषधाशिवाय असा मोहोर शक्यच नाही. थेंबन् थेंब लागू पडलाय."

काकू याच वाक्यासाठी थांबल्या होत्या. "फांदी तीच ना, साहेब?"

"माझी फांदी मी ओळखणार नाही?"

"नाही ओळखलीत. फीत काल मी सोडून इथे बांधली. तुमची फांदी पलीकडे आहे, तिच्यावर नुसती कोवळी पालवी आहे. कलम एका अंगाने आधी मोहरतं, हे इथे गुराख्यालाही ठाऊक असतं. या फांदीला तुमचा थेंबही लागलेला नाही."

साहेबांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"आणि मोहोर फितीनेच येत असेल," काकू म्हणाल्या, "तर औषध कशाला? आमच्या घरात जुनी लुगडी पुष्कळ आहेत."