रंगाऱ्याची पाणपोई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठी माणसं जवळ येऊन बसली तरी चालेल.

एका नदीकाठी एक रंगारी राहत होता. मंजिष्ठेची मुळं उकळून तो असा लाल रंग काढायचा, की त्याच्या पागोट्यांना दूरदूरच्या बाजारांत मागणी. धंदा वाढला, कढया वाढल्या. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्या कामावर पेटायची. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

कढयांतलं उरलेलं पाणी जायचं नदीत. नदी पुढं वळायची, आणि वळणाखाली एक वाडी होती. वाडीच्या जमिनीत सगळा कातळ, विहीर कुठून लागणार? प्यायचं ते नदीचंच पाणी.

आधी वाडीतली धोतरं गुलाबी झाली. पोरं हसली. मग बगळ्यांची पिसं गुलाबी दिसायला लागली. पोरं आणखी हसली. मग पोरांचीच पोटं दुखायला लागली, तेव्हा हसणं थांबलं. वाडीतली माणसं पारावर बसली आणि त्यांनी ठरवलं, पाडव्यापर्यंत नदी निवळली तर ठीक, नाहीतर गाड्या भरायच्या आणि निघायचं. पण एवढ्या मोठ्या माणसाला जाऊन सांगणार कोण? म्हणून रंगाऱ्याला कुणी सांगितलंच नाही.

राजाचा नियम होता बरं का. दरवर्षी राजाचा कारभारी यायचा, देवळाच्या घाटावर पांढरं कापड बुडवायचा आणि वर काढून रंग लागलाय का ते बघायचा.

"पांढरं ते पांढरंच," तो म्हणायचा. "तुमचं काम नियमात आहे."

रंगाऱ्याला बरं वाटायचं. आता घाट होता कढयांच्या वरच्या अंगाला. तिथं रंग येणार कसा? हे दोघांनाही ठाऊक होतं. पण नियमात घाटाचं नाव होतं, वळणाचं नव्हतं. मग कशाला कोण बोलतंय.

रंगाऱ्याला वाटलं, देवानं एवढं दिलंय तर आपणही काही द्यावं. त्यानं रस्त्यावर चिंचेखाली पाणपोई घातली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, वाळा घातलेले रांजण, वर मांडव. हळूहळू तिथं गर्दी व्हायला लागली. महिन्यामहिन्याला रांग वाढायची, आणि रंगारी लांबून बघून म्हणायचा, "किती जणांची तहान भागते बघा." राजाच्या कानावर गेलं. राजानं निरोप धाडला, पाडव्याला स्वतः येऊन शेला पांघरवतो.

पाडवा जवळ आला आणि पाणपोईवरची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. रंगारी म्हणाला, "असू दे. एक दिवस मीच बसतो." साधी बंडी घालून तो रांजणाशी बसला. ओळखलं कुणी नाही.

पहिला गडी आला. रंगाऱ्यानं ओगराळं भरून दिलं. "कुठून आलात पाहुणं?"

"वळणाखालच्या वाडीतून."

दुसरा आला. "तुम्ही?"

"तिथूनच की."

"आणि निघालात कुठं?"

"कुठं नाही. पाणी प्यायलाच आलो."

मागं एक म्हातारी होती, डोईवर घागर. तीही तिथलीच. रंगारी म्हणाला, "आजी, ही पाणपोई वाटसरूंसाठी आहे. तुमच्या दाराशी तर नदी वाहते."

म्हातारीनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "नवा दिसतोस. तुझा मालक लई पुण्यवान हाय बाबा. आधी आमचं पाणी नासवतो, मग आम्हालाच पाणी पाजतो."

रांगेतली माणसं हसली. रंगाऱ्याच्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं.

"भर की," म्हातारी म्हणाली. "पाडव्यापर्यंतच त्रास आमचा. मग गाव उठणार."

त्यानं घागर भरून दिली.

तिथून तो थेट कढयांवर गेला आणि म्हणाला, "जाळ विझवा."

माणसं गोळा झाली. मुकादम म्हणाला, "मालक, कारभाऱ्यानं कुठं काही म्हटलंय? आपण नियमात आहोत."

"आहोत रे. पण वाडी पाण्यावाचून आहे."

"आणि आमची मजुरी?"

"मिळेल. आता कुदळी घ्या. खोदायचं आहे."

त्यांनी एकाखाली एक खड्डे खोदले. पहिल्यात चुना टाकून रंगाचा गाळ बसवायचा. दुसऱ्यात वाळू. तिसऱ्यात लव्हाळी लावली. तिथून निघालेलं पाणी परत कढयांत घ्यायचं, नदीत थेंब जाऊ द्यायचा नाही. पागोटी वेळेवर गेली नाहीत, व्यापारी रागावून गेले. रंगारी मातीत उभा राहून खोदत होता.

पण नदी काय, सांगितलं म्हणून लगेच निवळते होय? तळाशी बसलेला गाळ वाहून जायला वेळ लागतो. पाडवा उजाडला. रंगारी पाणपोईशी येऊन उभा राहिला. वाडीच्या गाड्या निघाल्या, तर याच रस्त्यानं जाणार होत्या.

राजा आला. बरोबर कारभारी, तबकात शेला.

"रंगाऱ्या, मी इकडं उभा आणि तू तिकडं काय बघतोस?"

"गाड्या येतात का ते बघतोय, महाराज."

"कसल्या गाड्या?"

रंगाऱ्यानं सगळं सांगितलं. कापड कुठं बुडवतात तेही सांगितलं. कारभाऱ्यानं मान खाली घातली. राजा घोड्यावरून उतरला आणि तोही चिंचेखाली बसून रस्त्याकडं बघायला लागला.

ऊन चढलं तेव्हा वळणावरून कुणीतरी येताना दिसलं. म्हातारी होती. डोईवर घागर नव्हती.

"आजी, गाड्या?"

"भरल्या होत्या. बैलही जुंपले होते. म्हटलं, निघता निघता नदी बघून यावी." ती सावलीत टेकली. "तळाचे गोटे दिसाया लागलेत. मग म्हटलं, सोडा बैल."

रंगाऱ्यानं ओगराळं भरून तिच्यापुढं धरलं. कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला.

म्हातारी म्हणाली, "मालक तूच, व्हय? त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"लाज वाटली, आजी."

"बरं झालं वाटली ती."

राजा हसला. कारभाऱ्याला म्हणाला, "यापुढं कापड वळणाखाली बुडवायचं." तेव्हापासून त्या राज्यात तसंच बुडवतात. वाडी आपल्या जागी राहिली, कढया पुन्हा पेटल्या, आणि पाणपोईवर फक्त वाटसरू येऊ लागले.

तात्पर्य: नियमात बसलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही, दान करण्याआधी आपल्यामुळं कुणाचं नुकसान होतंय का ते बघावं, आणि ते आधी थांबवावं.