खाली ठेवलेला हंडा

एका गावात तांबटांची एक आळी होती आणि त्या आळीत त्र्यंबक नावाचा एक तांबट राहत होता. तांब्याच्या पत्र्यावर तो असे ठोके घाली, की पत्र्याचा हंडा कधी झाला ते बघणाऱ्याला कळत नसे. त्याच्या हाताला गुण होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

आळीची एक जुनी रीत होती. गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करू लागले, की तांबट त्याचे भांडे ओट्यावरून उचलून खाली जमिनीवर ठेवी. बोलायचे काही नाही. असे खाली ठेवलेले भांडे आळीतला दुसरा कुणी उचलत नसे. मग गिऱ्हाईक सगळी आळी फिरून, पाय दुखवून घेऊन, मुकाट पहिल्याच दारी येई आणि रास्त मजुरी देई. या रीतीवर आळीतल्या चुली पेटत होत्या.

पुढे मंदी आली. हंडे, कळश्या, घंगाळी कुणी घेईना. हातोडे गप्प झाले. घरोघरी कण्या शिजू लागल्या आणि काही घरांत त्याही नाहीत.

नेमका तेव्हाच सातासमुद्रापलीकडचा एक कारखानदार गावात उतरला. गिधाडाला आवतण लागत नाही. त्याच्या देशात तांब्याच्या भांड्यांना मागणी होती, पण तिथल्या कारागिरांची मजुरी द्यायला त्याचे हात आखडत होते. त्याने गावाबाहेर कारखाना उभारला. शिकाऊ माणूस त्याला नको होता. त्याला मुरलेले हात हवे होते आणि तेही अर्ध्या मजुरीत. मराठी त्याला मोडकीतोडकीच येई. 'सध्या' हा शब्द मात्र तो अगदी स्वच्छ उच्चारी.

"सध्या मंदी. सध्या अर्धी मजुरी," असे म्हणत तो त्र्यंबकच्या शेजारी, सोनबाकडे गेला आणि एक अर्धवट घडलेला हंडा त्याने पुढे केला. आत सोनबाची पोरे भुकेने रडत होती. तरी सोनबाने मजुरी ऐकली आणि हंडा खाली ठेवला.

कारखानदार त्र्यंबकच्या ओट्यापाशी आला. "तुझ्यासारखा हात आमच्या देशातही नाही," तो म्हणाला.

त्र्यंबक फुलून गेला. त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, तो हंडा सोनबाभावजींनी खाली ठेवलाय."

"रीत काय पोटाला घालते? चार दिवसांचा तर प्रश्न आहे!" असे म्हणून त्र्यंबक उतरला आणि त्याने हंडा उचलला.

सोनबा आपल्या ओट्यावरून बघत होता.

त्र्यंबकने उचलला म्हणून दुसऱ्याने उचलला, मग तिसऱ्याने. बघता बघता अख्खी आळी कारखान्यात जाऊन बसली. शेवटी सोनबाही गेला. एकट्याने रीत पाळून पोरे जगत नाहीत.

मंदी यायची तशी आली आणि जायची तशी गेली. लग्ने पुन्हा थाटात होऊ लागली. पण आळीकडे गिऱ्हाईक फिरकेना. तांबटांच्याच हातचे हंडे कारखानदार आता गावातही विकत होता आणि तेही स्वस्त. शेवटी त्र्यंबक कारखानदारापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मंदी सरली. आता पुरी मजुरी द्या."

"सध्या नाही."

"सध्या अर्धी, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"मी म्हणालो," कारखानदार शांतपणे म्हणाला, "पण हंडा तू उचललास. तुझा भाव तूच ठरवलास."

त्र्यंबकचे डोके फिरले. त्याने हातातला हंडा सगळ्यांदेखत जमिनीवर ठेवला. हातोडे थांबले. आता बघू कोण उचलतो, अशा तोऱ्यात तो उभा राहिला.

सोनबा जागचा उठला. आला, वाकला आणि हंडा उचलून आपल्या जागी घेऊन गेला.

"सोनबा! अरे, आळीची रीत विसरलास?"

सोनबाने मान वर केली नाही. "रीत होती रे, त्र्यंबका. ती तू माझ्या दारातनं उचलून नेलीस," तो म्हणाला आणि ठोके घालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक मान खाली घालून कामावर आला. मजुरी आता अर्ध्याहूनही कमी होती.

"सध्या," कारखानदार हसून म्हणाला.

तात्पर्य: शेजाऱ्याने नाकारलेली कमी मजुरी जो पत्करतो, तो शेजाऱ्याबरोबर स्वतःचीही किंमत पाडतो. मंदी जाते, पडलेली किंमत मात्र आपसूक वर येत नाही.