जवसाचं पाणी

“...मग माझेच का नाही, भन्ते?”

हर्षदीप खोब्रागडे विहाराच्या ओट्यासमोर उभा राहून विचारत होता. काही दिवस भिक्षूसारखं राहायच्या श्रामणेर शिबिराला आलेली बाकीची मुलं एव्हाना मुंडण करून, भिक्षूंचं भगवं चीवर नेसून आत गेली होती. ओट्यावर केसांचा ढीग पडला होता. त्यात हर्षदीपचा एकही केस नव्हता.

भन्ते उपसेन वस्तरा पुसत होते.

“आज नाही,” ते म्हणाले.

“पण मी तर सोडायलाच आलोय. मला केसांचा मोह नाही.”

“मोह नाही, ते दिसतंय... द्वेष आहे.”



खोटं नव्हतं ते. हर्षदीपचे केस दाट, कुरळे, आणि वाळले की पिंजलेल्या कापसासारखे चहूबाजूंनी उभे राहायचे. शाळेत पोरं त्याला ‘झाडणी’ म्हणत. नागपुरात नोकरी लागली, तर साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “खोब्रागडे, घरी आरसा आहे ना?”

तेव्हापासून रोज सकाळी लढाई. शाम्पू, खरखरीत टॉवेल, बारीक दातांचा कंगवा. पार्लरमध्ये सरळ करून घ्यायला गेला, तर टाळू भाजली. पुढच्याच पावसाळ्यात केस पुन्हा होते तसे.

वर्गात तो पहिला, कचेरीतही सगळ्यांच्या पुढे. हरला होता तो फक्त स्वतःच्या डोक्यापुढे, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

“मग मी काय करू?” त्यानं जरा तोऱ्यातच विचारलं.

“स्वयंपाकघरात जा. वत्सलाबाईंकडून मूठभर जवस घेऊन ये.”

त्याला वाटलं, थट्टा चाललीय. पण भन्तेंनी स्वतः चुलीवर पाणी ठेवलं, त्यात जवस टाकले आणि ढवळत बसले. पाणी हळूहळू दाट झालं, अंड्याच्या बलकाभोवती असतं तसं बुळबुळीत. त्यांनी ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं.

हापशाखाली डोकं भिजवून हर्षदीप ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. मागे भन्ते.

कंगवा नव्हताच. भन्तेंची बोटं आधी केसांच्या टोकाशी गेली. तिथला गुंता सुटला, मग थोडी वर. पुन्हा थोडी वर. कुठेही ओढ नाही, हिसका नाही. मग ते कोमट चिकट पाणी ओंजळीत घेऊन ते एकेक बट मुठीत दाबत राहिले.

आजवर ज्यानं ज्यानं या डोक्याला हात लावला, त्यानं आधी सुस्कारा टाकला होता. न्हाव्यानं, पार्लरवाल्या मुलीनं, घाईत असलेल्या आईनंसुद्धा... भन्तेंनी टाकला नाही. हर्षदीपचे डोळे आपोआप मिटले.

“भन्ते, तुमच्या डोक्यावर तर... तुम्हाला हे कसं येतं?”

“धाकटी बहीण होती. तिचे असेच केस. आई नव्हती आम्हाला.” थोडं थांबून ते म्हणाले, “शाळेत जाताना रडायची.”

 मग त्यांनी मऊ सुती फडक्यानं केस नुसते टिपले. घासले नाहीत.

“आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

हर्षदीपला हसू आलं. तो उन्हात जाऊन बसला. क्षणभरात त्याचा उजवा हात वर गेला. भन्ते समोर शेंगा सोलत होते. त्यांनी नुसतं पाहिलं. हात खाली आला. मग डावा गेला... तोही खाली आला. दिवसभर आपण हेच करत असतो, हे त्याला आजवर कधी कळलंच नव्हतं. दाबून बघायचं, चाचपायचं, वर आलेले खाली बसवायचे. कोणी आपल्याकडे बघितलं की आधी हात डोक्याकडे.

हातांचं काय करायचं ते कळेना, तेव्हा त्यानं ते मांडीवर एकात एक ठेवले. ऊन सरकत गेलं.

वत्सलाबाई घागर घेऊन चालल्या होत्या. त्या मध्येच थांबल्या.

“बाप्पा! मघाशी जवस नेले तो पोरगा तूच काय रे? काय केस हायेत... द्राक्षाचा घड जसा! हात लावून पाहू का?”

“वाळू द्या ना, आजी,” हर्षदीप म्हणाला. आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्याला नवल वाटलं.

मग त्यानं बादलीतल्या पाण्यात वाकून पाहिलं. कपाळावर, कानांवर काळ्याभोर वळ्या उतरल्या होत्या. एकही उभी नव्हती. पाण्यातला तो माणूस देखणा होता. हर्षदीप बराच वेळ वाकून राहिला.

शिबिर चालू राहिलं. मुंडण केलेल्या मुलांच्या मागे पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच केसवाला बसायचा. आता त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मधूनमधून तो स्वतः जवस उकळायचा. आता दिवसभर त्याची नजर भन्तेंकडे जायची. अंगण झाडताना, आजाऱ्याला पेज भरवताना, भांडत आलेल्या भावाभावांचं ऐकून घेताना त्या हातांत आणि त्या आवाजात तीच चाल होती. कुठेच हिसका नाही. असा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता.

शिबिर संपत आलं, तेव्हा एका सकाळी तो आपणहून ओट्यापाशी आला. केस नुकतेच वाळले होते, आणि इतके सुरेख ते आजवर कधीच वाळले नव्हते.

“भन्ते, आज काढा.”

भन्तेंनी मान वर केली.

“का? आता तर छान झालेत.”

“म्हणून तर...”

दारात उभ्या असलेल्या वत्सलाबाईंना राहवेना. “राहू दे ना रे बापू! इतके गोड केस काहून काढते?”

 वाऱ्यानं एक बट हर्षदीपच्या डोळ्यांवर आली. त्यानं ती तशीच राहू दिली.

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं.

“दुखेल?” त्यांनी विचारलं.

 हर्षदीपनं मान डोलावली.

“हो, भन्ते. आता दुखेल.”

भन्ते उठले. आत जाऊन वस्तरा घेऊन आले. मग त्यांनी पायरी झाडून घेतली आणि, कधी नव्हे ते, तिच्यावर आपलं खांद्यावरचं चीवर अंथरलं.

“मग बस,” ते म्हणाले.