गुडघ्यावरची मोजणी

फार पूर्वी अपरान्त देशी अजितवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गरीब घरी जन्मला आणि मोठेपणी राजाच्या अभयवनाचा वनपाल झाला. नाव गोमिल. अक्षरओळख नाही, जीभ फटकळ. पण झाडापाशी बसला की बसलाच.

त्या वनात कातळाचा मोठा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, होता. पावसाळ्यात तिथे दीपकाडीची पांढरी फुलं उमलत. फुलांना धक्का लागू नये म्हणून राजानं सात वर्षांपूर्वी गवळ्यांना हाकललं होतं. जो सड्यावर गुरं घालील त्याचा उजवा हात तोडायचा, अशी आज्ञाच होती. दरवर्षी अमात्य धनकेतू मोजणीला येई. पवित्र जागी पाय कसा ठेवायचा म्हणून तो सड्याच्या कडेच्या बांधावर उभा राहूनच मोजे आणि राजाला सांगे, "फुलं गेल्या वर्षाइतकीच. वन सुखरूप आहे."

गोमिलाला हे पटेना. त्यानं दोर अंथरून चार-चार हातांचा चौकोन केला, गुडघे टेकले, कमरेएवढं गवत बाजूला सारलं आणि एकेक रोप पाहिलं. म्हातारी झाडं शंभर. पोर एक नाही. दुसऱ्या चौकोनात तेच. दहाव्यातही तेच. बी पडत होतं, पण गवताच्या अंधारात कुजत होतं. म्हातारी मेली की सगळं संपणार.

तो दरबारात गेला. "महाराज, वन आजारी आहे. तुमच्या आज्ञेनंच."

"अरे, फुलं दिसत नाहीत का तुला?" धनकेतू म्हणाला.

"दिसतात की. ज्या घरात सगळे म्हातारेच, तेही घर भरलेलंच दिसतं. गुरं चरू द्या. गवत हटलं की उजेड पोचेल."

राजाचा चेहरा उतरला. "आणि नाही उगवलं तर?"

"आज्ञेत हात लिहिलाय ना? हा घ्या."

"वनपालाला हात जड झालेला दिसतोय," धनकेतू हसला.

राजानं एक वर्ष दिलं, आणि सड्याचा एकच तुकडा. गोमिल वनाच्या सीमेवर गेला, हाकललेल्यांपैकी सामा गवळणीला म्हणाला, "पोरी, गुरं घेऊन चल."

"बाबा, माझ्या गाईच्या चार घासांपायी तुमचा हात जायचा. मला नाही जमायचं."

"हात माझा आहे. तू गुरं हाक."

ती रडत आली, पण आली. उन्हाळाभर गुरं चरली. पावसाळा लागला. दीपकाडी फुलली आणि राजा धनकेतूला घेऊन सड्यावर आला. मागे मारेकरी कुऱ्हाड घेऊन उभा.

धनकेतूनं बांधावरून नजर फिरवली. "फुलं तेवढीच, महाराज. नवं काहीच नाही."

सामा गवळणीनं तोंडाला पदर लावला. गोमिलानं दगडावर हात ठेवला. "तोडा. पण आधी महाराजांनी खाली बसून बघावं. उभ्यानं बघितलं तर मीसुद्धा तरणा दिसतो."

राजानं बांध ओलांडून चरलेल्या तुकड्यात, भर चिखलात गुडघे टेकले. सुरुवातीला काही दिसेना. मग बोटाजवळ केसाएवढी हिरवी पात दिसली. टोकाला बियाची काळी टोपी अजून तशीच. शेजारी दुसरी. राजा पुटपुटत मोजू लागला. अकरा रोपं झाली.

"अकराच?" धनकेतू म्हणाला. "एवढ्या सड्यावर?"

राजा उठला, न चरलेल्या बाजूला गेला, तिथेही बसला. खूप वेळ गवत चाचपलं, पण एकही नवं रोप सापडलं नाही. परत आला तेव्हा मारेकऱ्याला म्हणाला, "कुऱ्हाड ठेव." आणि धनकेतूकडे वळून, "अमात्य, या. चिखलातच या. बसा इथे आणि बारावं शोधा."

त्या वर्षी गवळी परत आले. कोणत्या भागात गुरं किती दिवस घालायची, हे गोमिल मरेपर्यंत गुडघ्यावर बसूनच ठरवत राहिला.

एवढं सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "आजाऱ्याच्या खोलीत न शिरता दारातूनच 'बरा आहे' म्हणणारा तुमच्यातला भिक्षू कोट्ठक, तोच तेव्हा धनकेतू होता. आजाऱ्याचं अंथरूण स्वतः धुणारा भिक्षू उपरक्षित हा राजा होता. भिक्षुणी नंदिला ही गवळण. आणि वनपाल गोमिल तो मीच." त्या जन्मी बोधिसत्त्वानं अधिष्ठान ही पारमी, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा गुण, पुरी केली. अधिष्ठान म्हणजे खरं दिसलं की तिथून न हलणं.